पुढचा मुक्काम

नंदुरबार
ता. ५ जानेवारी १९३७

जमुनाअक्का, सलाम.

सुखरूप उतरलो. आगगाडीत बसायला जागा होती, तरी तुमचे भाऊ नवापूरपासून इथपर्यंत दाराशी उभे राहिले. म्हटलं, "अहो, टेका की जरा." तर म्हणाले, "सामानावर लक्ष ठेवतो." सामान ते काय! साहेबांनी नोकरी सुटताना दिलेली ती जुनी राहुटी, दोन वळकट्या आणि भांड्यांचं गाठोडं. ते कोण पळवून नेणार होतं?

इथे आपल्या चर्चच्या मंडळीतल्या एका ओळखीच्या घरी उतरलो आहोत. गावाबाहेर मिरची वाळत घातली आहे. लांबून लुगडी पसरल्यासारखी दिसते, जवळ गेलं की डोळ्यांत पाणी. त्या लाल जमिनीच्या पलीकडे, उत्तरेला धुकं आहे आणि धुक्यात सातपुडा. तो डोंगर आहे की ढग, हे मला बराच वेळ कळलंच नाही. यांना विचारलं, तर म्हणाले, "डोंगरच तो. तिथंच जायचंय आपल्याला." आणि अक्का, त्यांचा चेहरा असा उजळला की लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता. मला त्या डोंगराचा हेवा वाटला.

निघताना तुम्ही ओट्यावर विचारलंत, "एवढी गप्प का गं?" तेव्हा बोलवलं नाही, आता लिहिते. जंगल खात्यात तंबू ठोकणारा खलाशी म्हणून तुमच्या भावाचा जन्म गेला. दिवाळी झाली की साहेबांचे तंबू घेऊन डोंगरात, ते शिमग्याला परत. माझा संसार म्हणजे पावसाळ्यातला संसार. यंदा पहिल्यांदाच ते थंडीत घरी आहेत, आणि आम्हाला एकमेकांशी काय बोलावं तेच सुचत नाही. ते ओट्यावर पाहुण्यासारखे बसतात, मी चुलीपाशी. मग एक दिवस म्हणाले, "चल, तुला माझा डोंगर दाखवतो. गाडी करू, राहुटी लावू, दोघं राहू." मी हो म्हटलं. पण मनात एक ठरवलं आहे. मार्था कधीची बोलावते आहे, आई, व्याऱ्याला माझ्याकडेच येऊन राहा म्हणून. ह्या प्रवासात हा माणूस माझ्याजवळ बसला, चार गोष्टी बोलला, तर मी नवापूरला परत येईन. नाही तर परतीच्या गाडीतून नवापूरला उतरणार नाही, तशीच पुढे लेकीकडे जाईन, ती कायमची.

यांना हे ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका.

रनाळ्याचा रेवजी म्हणून गाडीवान ठरवला आहे, म्हातारा आणि तोंडाळ. शिवाय यांनी राहुटी वाहायला डोंगराच्या वाटा ठाऊक असलेलं एक तट्टूही घेतलं आहे. गाडीत एवढी जागा असताना तट्टू कशाला, ते यांनाच ठाऊक. उत्तर तळोद्याच्या पोस्टात टाका.

तुमची,
सुसाना

•

नवापूर
ता. ९ जानेवारी १९३७

सुसाना,

तुझं पत्र पोचलं. अक्षर माझंच आहे, मिशनच्या शाळेत शिकले तेवढंच, तेव्हा नाक मुरडू नकोस. कोंबड्या बऱ्या आहेत. तुझा तो तांबडा कोंबडा माझ्याकडे असा बघतो, जसं काही घर त्याच्या नावावर आहे.

नवरा आगगाडीच्या दाराशी उभा राहतो म्हणून घर सोडायला निघालेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. माझे मालक जन्मात कधी घराबाहेर पडले नाहीत. मी मनात म्हणायची, ह्यांना कुणीतरी चार दिवस कुठेतरी न्या रे! आता ते नाहीत, आणि सकाळी चहा ठेवताना हात अजून दोन कप काढतो. एवढं लिहिते, पुढे काही लिहीत नाही.

इसहाक आमच्यात धाकटा, पण पहिल्यापासून पुढे पळणारा. जत्रेला निघालो की हा सगळ्यांच्या पुढे. आम्ही धापा टाकत पोचायचो तर हा झाडाखाली जागा झाडून उभा. आई म्हणायची, ह्याला माणसांची अडचण होते. मलाही तसंच वाटतं. काही माणसं एकटीच बरी. पण अशा माणसालाही भाकरी वाढणारं कुणीतरी लागतंच, तेव्हा जरा दमानं घे.

आणि एक. मार्थाचं पत्र आलं. मागची खोली सारवून घेतली, खिडकीला नवं दार बसवलं, असं लिहिते. म्हणजे तू तिला आधीच कळवलंस. माझ्यापाशी म्हणतेस बघू, आणि तिकडे खोली तयार! मला फसवू नकोस बाई. तू गेलीस तर ह्या दोन घरांत एक मी आणि एक तो, आणि मध्ये तुझा कोंबडा.

जमुना

•

तळोदा
ता. १७ जानेवारी १९३७

जमुनाअक्का, सलाम.

पकडलंत मला. हो, मार्थाला लिहिलं होतं. खोली तयार असली की माणसाला धीर येतो. आणि आता तर वाटतं, बरं झालं लिहिलं ते.

ऐका आमच्या प्रवासाची कथा. पहिल्या दिवशी पहाटे मी डोळे उघडले तर राहुटी उतरवायला सुरुवात झालेली. मी अंथरुणातच, आणि माझ्या डोक्यावरचं कापड निघतंय! राहुटी तट्टूवर चढली, हे तट्टूला घेऊन पाऊलवाटेने चालू लागले. म्हणाले, "तू गाडीतून सावकाश ये. मी पुढे होतो." मी दिवसभर रेवजीबरोबर. दुपार कलल्यावर पोचले, तर राहुटी ताठ उभी, दोऱ्या वीणेच्या तारांसारख्या ताणलेल्या, चुलीवर पाणी गरम. हे बाजूला हात बांधून उभे. म्हणाले, "पाणी तयार आहे." आणि मागे सरकले. अक्का, फक्त बाईसाहेब म्हणायचं राहिलं होतं.

मला वाटलं एक दिवसाची हौस असेल. पण रोज तेच. रात्रीही आत येत नाहीत. बाहेर शेकोटीपाशी बैलांच्या शेजारी घोंगडी टाकतात. म्हणतात, राखण करायला हवी. कसली राखण? रेवजी आहे, बैल आहेत, तट्टू आहे.

मी डोंगर बघायला निघाले आणि रोज बघते काय, तर वाटेवर लहान होत जाणारी तुमच्या भावाची पाठ. रेवजी तर हसून हसून बेजार. काल म्हणाला, "बाई, हाऊ तुन्हा नवरा शे का टपालवाला? दखो तवय पुढेच!" मी रागावले तर म्हणतो, "मी गाडी हाकी ऱ्हायनू माय, तुन्हा संसार नही."

तरी एक सांगितलंच पाहिजे. प्रकाशाला तापी ओलांडली ती सकाळी, नावेतून. धुकं एवढं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं ते दिसेना. नाव हलते आहे की आपण झोपेत आहोत, कळत नव्हतं. मधूनच देवळातली घंटा ऐकू आली, पाण्याखालून आल्यासारखी. मला फार वाटलं की यांचा हात धरावा. ते नावेच्या दुसऱ्या टोकाला तट्टूची मान धरून उभे होते. आणि मी तशीच बसून राहिले. इतकं एकटं मला नवापूरच्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

मी काही बोलत नाही. काय बोलणार? ज्याला माझी अडचण होते त्याला, जवळ बसा, असं मी मागावं का? तेवढा मान मला आहे.

सुसाना

•

अक्कलकुवा
ता. २२ जानेवारी १९३७

अक्का, सलाम.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, तुला माहीत आहे. पण आज लिहावंसं वाटलं. फार बरं चाललंय.

तुला सांगतो, साहेबांच्या मडमा यायच्या. दिवसभर घोड्यावर, अंगावर धूळ, दमलेल्या. समोर तंबू तयार, पाणी गरम, कंदील पुसलेला. त्या इंग्रजीत काहीतरी गोड बोलायच्या आणि आत जायच्या. मी दोरी धरून उभा. दर वेळी मनात यायचं, माझ्या सुसानाने एकदा असं यावं. तिने चूल फुंकू नये, पाणी भरू नये, यावं आणि सरळ टेकावं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या बायकांसाठी तंबू ठोकले अक्का, पण मेख मारताना डोळ्यांपुढे हीच.

ते आता रोज होतंय. ती गाडीतून उतरते, एक अक्षर बोलत नाही. सुखाने माणूस असाच गप्प होतो. मी बाजूला उभा राहून बघतो आणि मला भरून येतं.

दार मी फार विचार करून ठेवतो. सकाळी पडदा सारला की डोंगराची ओळ समोर आली पाहिजे. पहिली ओळ हिरवी, मग निळी, मग नुसतीच आहे की नाही अशी. तिला ती दिसत असणारच. मी विचारलं नाही. साहेबांना कधी विचारत नसे, तशी सवय.

रात्री आत झोपावं म्हणतो. मला जमत नाही. जन्मभर दोऱ्या बाहेरून ओढल्या. आत पाऊल टाकलं की वाटतं, कुणीतरी ओरडेल. खलाशाने आत जायचं ते मागच्या कापडी कनातीतून, पाण्याची बादली घेऊन, आणि तसंच बाहेर यायचं. तिला हे कसं सांगू? हसेल.

उद्यापासून घाट लागतो. मोलगीच्या वाटेवर वर एक सपाट माथा आहे, कडेला मोहाचं एक मोठं झाड. तिथे मी साहेबांचा तंबू कधीच लावला नाही. विचारलं की सांगायचो, पाणी लांब आहे साहेब. पाणी हाकेच्या अंतरावर आहे. ती जागा मी सुसानासाठी राखली होती.

तुझा,
इसहाक

•

नवापूर
ता. २६ जानेवारी १९३७

इसहाक,

गाढवा! तुझं पत्र वाचून आधी मी रडले आणि मग डोक्याला हात लावला.

ती सुखाने गप्प नाही रे. ती रागाने गप्प आहे. तिला मडम व्हायचं नाही. तिला नवरा हवा आहे, शेजारी बसणारा. तिने माझ्याकडून शब्द घेतला होता की इसहाकला सांगू नका. तो शब्द मी आज मोडते, देव मला क्षमा करो. व्याऱ्याला मार्थाने खोली सारवून ठेवली आहे. तू असाच पुढे पुढे गेलास तर परतताना ती नवापूरला उतरणार नाही. आणि तू घरी एकटा येशील, तेव्हा मी तुला भाकरी वाढणार नाही, हे लिहून देते.

मीही चुकले. मी तिला लिहिलं की तुला माणसांची अडचण होते. लहानपणी तू झाडाखाली जागा झाडायचास ती आमच्यासाठी, हे मला ह्या वयात कळलं.

हे पत्र अक्कलकुव्याच्या पोस्टात पाठवते. कधी मिळेल देव जाणे. मिळेल तेव्हा असशील तिथे थांब. राहुटीला हात लावू नकोस. तिच्याजवळ जाऊन बस आणि तोंड उघड.

जमुनाअक्का

•

मोलगीच्या वाटेवर, डोंगरावरून
ता. ६ फेब्रुवारी १९३७

जमुनाअक्का, सलाम.

हे पत्र खाली अक्कलकुव्याच्या बाजाराला जाणाऱ्या नारसिंगकडे देते आहे. तो इथल्या पाड्यावरचा. तुम्ही यांना धाडलेलं पत्र त्यानेच वर आणलं. पण ते नंतरचं. आधीचं सांगते.

घाट चढायला लागलो त्याच्या दुसऱ्या सकाळी माझं डोकं फिरलं. हे पाड्यावर दूध आणायला गेले होते. राहुटी अजून उभी होती. मी रेवजीला म्हटलं, "ऊठ, दोऱ्या सोड." तो बघतच राहिला. दोघांनी मिळून ती कशीबशी गुंडाळली आणि तट्टूवर टाकली. मी म्हटलं, "हे आले की सांग, बाई पुढे गेल्या. तुम्ही गाडीतून सावकाश या. आणि यांना गाडीतून उतरू देऊ नकोस." रेवजीला एवढा आनंद झाला की त्याने पागोटं काढून पुन्हा बांधलं. "आते मजा शे!" म्हणाला.

खरं सांगते, मी ते रागाने केलं. मागे राहिलेल्या माणसाला दिवसभर कसं वाटतं, ते एकदा यांना कळावं म्हणून.

वाट एकच होती, वर जाणारी. तट्टूला ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक, मी नुसती त्याच्या मागे. सकाळचं धुकं खाली दरीत साठलेलं आणि मी त्याच्या वर. पळसाला कुठे कुठे पहिली फुलं आलेली. थोड्या वेळाने राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी कुठे चालले आहे, किती वयाची आहे, कुणाची कोण आहे, सगळं कुणीतरी अलगद उतरवून घेतल्यासारखं झालं. फक्त चालणं होतं आणि तट्टूच्या गळ्यातली घंटा. अक्का, मला यांच्या हिवाळ्यांचा अर्थ तेव्हा थोडा कळला. माणूस इथून घरी परत येतो हेच मोठं.

माथ्यावर मोहाच्या मोठ्या झाडापाशी तट्टू आपणहून थांबलं. आता राहुटी! इतके दिवस बघत होते, वाटलं होतं काय त्यात. खांब उभा करावा तर कापड पडे, कापड धरावं तर खांब पडे. शेवटी मोळी घेऊन जाणारी एक बाई थांबली. दिवलीबाई नाव. तिला माझी बोली कळेना, मला तिची. तिने मोळी टाकली आणि खांबाला मिठी मारून उभी राहिली, मी मेखा ठोकल्या. दोघी इतक्या हसलो की तट्टूने मान वळवून पाहिलं. राहुटी उभी राहिली, पण कशी! एका बाजूला पोट सुटलेलं, दुसरीकडे खांदा पडलेला. मी पाणी तापायला ठेवलं आणि वाटेकडे डोळे लावून बसले.

आणि तिथे बसल्यावर मला काहीतरी होऊ लागलं. पाणी निवेल का, वाटेत गाडी अडली नसेल ना, यांना ही जागा आवडेल ना. वाट बघण्यात राग नव्हताच अक्का. जीव नुसता त्या वळणाशी लागलेला.

गाडी आली. हे मागे बसलेले, पाय खाली सोडून. रेवजीने सांगितलं होतं की चाकाची खीळ सैल आहे, मागे वजन लागतं, उतरू नका. उतरले ते सरळ राहुटीपाशी. मेखा बघितल्या. हात मेखा ठोकायच्या मोगरीकडे गेला. मी म्हटलं, "हात लावायचा नाही. पाणी तयार आहे." ते दारासमोर उभे राहिले आणि खाकरले! साहेबांच्या दाराशी खाकरतात तसे. मी म्हटलं, "अहो, इथे साहेब नाही कुणी. आत या." त्यांनी वहाणा काढल्या, वाकून आत आले आणि अगदी कडेला, कनातीला पाठ लावून बसले. मग वर कापडाकडे पाहिलं. ऊन पडून मोहाची सावली त्यावर हलत होती. मग दारातून बाहेर पाहिलं, डोंगरांच्या ओळी एकामागे एक. बराच वेळ पाहिलं.

"आतून असं दिसतं होय?" म्हणाले.

पण सूर्य मावळला तशी घोंगडी उचलून पुन्हा शेकोटीपाशी. मनात व्याऱ्याची खोली आली. त्यानंतर आम्ही पुढे निघालो नाही. दिवस एकमेकांत मिसळून गेले. सकाळी धुकं, दुपारी ऊन, संध्याकाळी पाड्यावरून पावरीचा सूर.

मग नारसिंगने तुमचं पत्र आणलं. यांनी ते मोहाखाली बसून वाचलं, पुन्हा वाचलं. मी तांदूळ निवडत होते, खडा नसलेला तांदूळ. ते आले आणि माझ्यासमोर बसले.

"मी पुढे जायचो, ते तुला आवडत नव्हतं?"

"नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"ऐकायला तुम्ही होता कुठे?"

त्यांना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. म्हणाले, "तू गाडीतून उतरायचीस ना सुसाना, तेवढा एक क्षण मला दिवसभर पुरायचा. तेच तुला देतोय असं मला वाटलं. मला दुसरं काही देता येत नाही." मी म्हटलं, "येतं. तुम्ही शिकला नाहीत एवढंच." आणि अक्का, तांदळाचं सूप बाजूला ठेवून मी रडले, लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यासमोर. ते जवळ सरकले. काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवून नुसते बसले. तेवढंच मला हवं होतं.

मग उठले, शेकोटीपाशी जाऊन आपली वळकटी आणली आणि आत माझ्या वळकटीशेजारी सोडली. "जरा पडून बघतो," म्हणाले. भर दुपार होती. पडले आणि लागलीच घोरू लागले. आता हे लिहिते आहे तेव्हाही झोपलेच आहेत. रेवजीला मी बैलांच्या घंटा काढून ठेवायला सांगितल्या.

मार्थाला तुम्हीच कळवा. म्हणावं, त्या खोलीत भुईमुगाच्या शेंगा भरून ठेव, तुझी आई येत नाही. आम्ही शिमग्यापर्यंत इथेच राहू असं दिसतं. तुम्ही शब्द मोडलात म्हणून मी रागावणार होते, पण ते राहून गेलं.

काल पाड्यावरचे दोघे जण येऊन राहुटीकडे बघून हसले. म्हणाले, खलाशीबाबा, हे काय, तुझा तंबू असा? मोगरी गाडीत तशीच पडून आहे. राहुटी मी लावली तशीच वाकडी उभी आहे, आणि त्यांनी अजून एकही मेख सरळ केलेली नाही.

तुमची,
सुसाना